लवूच्या गाऱ्हाण्याला दोन उत्तरं

लवू घाडीची आणि माझी ओळख जिन्यात झाली, तीही तो दिसायच्या आधी. कन्नमवार नगरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. संध्याकाळी तळमजल्यावरून कोणीतरी "मीटssर!" असं ओरडलं आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या सौ.च्या हातातलं झाकण खाली पडलं. मी घाईघाईने मीटरच्या पेटीची किल्ली शोधून दाराशी गेलो. समोरून एक बुटका, सावळा, खांद्याला रेक्झिनची पिशवी लावलेला माणूस माझ्याकडे न बघता शेजारच्या दारात शिरला. आतून बाईचा आवाज आला, "ठेवलंय चाय. वराडू नकात!"

लवू वीज कंपनीत मीटर वाचायचा. भांडुपपासून मुलुंडपर्यंतच्या इमारतींचे जिने त्याने झिजवले होते. दारोदारी घंटी वाजवत बसण्यापेक्षा एका हाकेत अख्खी इमारत दारात उभी करणं त्याला सोयीचं पडायचं. तीच हाक तो घरी परतताना वापरायचा, म्हणजे वर पोचेपर्यंत विमलावहिनींचा चहा तयार. पुढे मीटर स्वतःच आपला आकडा कंपनीला कळवू लागले. लवू निवृत्त झाला. हाक मात्र शिल्लक राहिली आणि तिचं काय करायचं हे त्याला कळेना. काही दिवस तो भाजीवाल्याला तिसऱ्या मजल्यावरून भाव विचारायचा. भाजीवाल्याने गल्ली बदलली.

मी विक्रोळीतल्याच एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे आणि माझी निवृत्ती आता दिसू लागली आहे. लवू मला नावाने हाक मारत नाही. तो मला "अकाउंट" म्हणतो. सुरुवातीला मला ते आवडलं नव्हतं. आता कोणी नावाने हाक मारली तर क्षणभर मीच इकडेतिकडे बघतो.

लवूच्या आवाजाला पुन्हा काम मिळालं ते गाऱ्हाण्यामुळे. कोकणात कुठलंही कार्य सुरू करताना घराचा किंवा गावाचा जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो. दर मागण्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. घाडी घराण्यात हा मान वंशपरंपरेने आलेला. पण लवूचे वडील गिरणीत नोकरीला मुंबईला आले आणि गावचं गाऱ्हाणं चुलत घराकडे गेलं. वडिलांनी मग परळच्या खोलीत, सणावारी, चार माणसांपुढे आपली हौस भागवली. त्यांचा एक नियम होता आणि तो लवूने जसाच्या तसा उचलला. गाऱ्हाणं घातलेल्या माणसाने उत्तर ऐकल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही.

"एकदा बाबांनी गाऱ्हाणा घातल्यानी," लवू सांगतो, "आणि मध्येच खाली नळाक पाणी इला. सगळे बादल्यो घेवन पळाले. बाबा पाटावर तसेच बसले. गिरणीचो भोंगो झालो, पण बाबा उठाक तयार नाय. शेवटी आये वर इली आणि म्हणाली, 'व्हय म्हाराजा, आता कामावर जा.' अर्धो दिवस बुडालो."

"मग हलले असते तर काय झालं असतं?" मी विचारलं होतं.

"काय होवचा नाय," लवू म्हणाला. "पण अर्ध्यात सोडलेला मागणा खय जाता, ता कोणाक म्हायत?"

कोविडच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मजल्यावर पाणी चढेनासं झालं. एका रविवारी सकाळी लवूने गॅलरीत पाट मांडला, चप्पल काढली, नारळ ठेवला आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या इमारतीच्या तिसऱ्या माळ्यावर पाणी चढना नाय रे म्हाराजा! खालचे धा-धा बादल्यो भरतत आणि आमचो नळ नुसतो सुस्कारो टाकता रे म्हाराजा! जो कोण टाकीचो व्हॉल्व्ह फिरवन जाता, तेका सुबुद्धी दी आणि पाण्याक वरची वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" विमलावहिनी आणि मी म्हणालो. मी कोकणातला नाही, पण पाण्याचा प्रश्न माझाही होता.

पलीकडच्या दारात धोंडिराम पाईकराव पेपर वाचत बसला होता. परभणीकडचा माणूस, महापालिकेच्या पाणी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. त्याने पेपर खाली केला.

"अरे, पण पंपाच्या दुरुस्तीचा अर्ज दिलाय का कोणी? का देवालाच लावलंय कामाला?"

"धोंड्या, 'व्हय' म्हण आधी," लवू म्हणाला.

"मी बौद्ध माणूस. तुझ्या देवाला मी होय म्हणणार नाही. ते तुझं तू बघ. मी माणसाच्या बाजूने उत्तर देतो. अर्ज दिला का?"

"नाय दिलो."

"मग दे. कागद आण, मी सांगतो कसा लिहायचा."

लवूची मुलगी दीप्ती मुलुंडला सासरी असते. त्या दिवशी ती माहेरी आली होती. तिने हे सगळं फोनवर रेकॉर्ड केलं आणि 'लवूचा गाऱ्हाणा' असं नाव देऊन पॉडकास्टच्या ॲपवर टाकून दिलं. गंमत म्हणून. त्याच आठवड्यात पाणी आलं. गाऱ्हाण्याने आलं की अर्जाने, हा वाद आमच्या गॅलरीत अजून मिटलेला नाही.

लोकांना मात्र ते भलतंच आवडलं. दीप्तीच्या फोनवर मागणी येऊ लागली. भांडुपच्या एका बाईंच्या शेजाऱ्याने वयाच्या साठीत सॅक्सोफोन शिकायला घेतला होता. कांदिवलीच्या एका गृहस्थांना सोसायटीच्या ग्रुपवरचे सकाळचे गुलाब बंद व्हायला हवे होते. घाटकोपरच्या एका मुलाला मुलगी बघायला जायचं होतं आणि आईने कमी बोलावं अशी त्याची इच्छा होती. लवू दर रविवारी दहा वाजता एकेकाचं गाऱ्हाणं घालायचा. वहिनी आणि मी "व्हय म्हाराजा" म्हणायचो. मग धोंडिराम आपल्या खुर्चीतून विचारायचा, "त्या सॅक्सोफोनवाल्याला घरी चहाला बोलावलं का? आधी बोलवा. ओळखीच्या माणसाला वेळ ठरवून देता येते." हे दुसरं उत्तर मिळाल्यावरच लवू पाटावरून उठायचा. वडिलांच्या नियमात एकच उत्तर होतं. दुसरं आमच्या गॅलरीत वाढलं आणि लवूने तेही नियमात बसवून घेतलं.

रेकॉर्डिंगची पद्धत साधी होती. फोन उभा राहावा म्हणून दीप्तीने तो वहिनींच्या तांदळाच्या डब्यात खोचला होता. पुढेही तेच चालू राहिलं. अडचण एवढीच की दुपारच्या भाताची वेळ झाली की वहिनी येणार आणि म्हणणार, "झाला काय तुमचा? माका तांदूळ काढूचे आसत." मग फोन बाजूला, मापटं आत, खसखस आवाज, आणि भाग संपला. ऐकणाऱ्यांना तो शेवट इतका सवयीचा झाला की एकदा वहिनी माहेरी गेल्या होत्या तेव्हा लोकांनी कळवलं, कार्यक्रम अर्धवट राहिलाय.

दोन-तीन वर्षं असं चाललं. त्या काळात मोठ्या वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना पॉडकास्टचा पत्ता नव्हता असं नाही. पत्ता होता, पण फोनपुढे बसून बडबडणारी रिकामी मंडळी असं त्यांचं मत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की लोक पोळ्या लाटताना, फिरायला जाताना, कपडे वाळत घालताना ही रिकामी मंडळीच ऐकतात. तेव्हा सगळ्यांनी एकदम स्टुडिओ बांधले. नट-नट्यांना बोलावून मऊ खुर्च्यांत बसवलं आणि एकमेकांच्या संघर्षाबद्दल विचारायला लावलं. लोकांनी ते थोडं ऐकलं आणि पुन्हा सॅक्सोफोनचं काय झालं ते विचारू लागले. मग या कंपन्या, ज्यांचं आधीच ऐकलं जातं अशा माणसांच्या शोधात निघाल्या.

'चहूदिशा' समूहाची गंधाली आमच्या गॅलरीत आली ती अशी. चहूदिशाचा पेपर आहे, वाहिनी आहे, आणि आता पॉडकास्टचा वेगळा विभाग. गंधाली त्या विभागाची प्रमुख. तिशीची, चटपटीत, तिसऱ्या मजल्यावर चढून येऊनही धापा न टाकणारी. तिने आधी वहिनींच्या पाया पडून आमची मनं जिंकली आणि मग लवूला म्हणाली, "काका, तुमचा शो आम्हाला जसा आहे तसाच हवाय."

"झकास," लवू म्हणाला.

"फक्त थोडे बदल."

थोडे बदल असे होते. गॅलरीऐवजी अंधेरीचा स्टुडिओ. एका भागात एकच गाऱ्हाणं. तांदळाचा आवाज राहील, पण तो त्यांचा साउंड इंजिनियर देईल. "व्हय म्हाराजा"सुद्धा तोच देईल, शंभर माणसांचं. आणि धोंडिरामकाकांचा सल्ल्याचा भाग नको.

"कित्याक?" लवूने विचारलं.

"काका, ऐकणारे तिथे सोडून जातात. आमच्याकडे आलेख आहे." तिने टॅबवर एक उतरती रेघ दाखवली. "आणि एक आवाज असला की ब्रँड होतो. महामार्गावर तुमचा मोठा फलक लागेल. एकट्याचा."

धोंडिराम तिथेच बसला होता. त्याने चष्मा काढून पुसला. मी आणि वहिनी लवूकडे बघत राहिलो. लवू गॅलरीबाहेर बघत होता. आमच्या गॅलरीतून ईस्टर्न एक्सप्रेस हायवे दिसत नाही, पण तो त्या दिशेलाच बघत होता. गावाहून येणाऱ्या गाड्या मुंबईत शिरल्या की याच हायवेला लागतात. म्हणजे मेच्या सुट्टीनंतर चुलत घराण्यातली मुंबईकर माणसं परत येतील तेव्हा त्यांना खिडकीतून काय दिसेल, हे मला कळलं.

लवू गप्प बसला.

"जा रे," शेवटी धोंडिरामच म्हणाला. "मलाही रविवारी सकाळी फिरायला जायचंच होतं. डॉक्टर केव्हापासून सांगतोय."

ठरलं ते असं. आधी एक भाग चाचणीचा. दोन्ही बाजूंना पटला तर करार, आणि करार झाला की कार्यक्रमाचं नाव, जुने सगळे भाग आणि पुढचं गाऱ्हाणं चहूदिशाचं. गॅलरीतलं बंद. कागद मी वाचला. त्यात लबाडी काही नव्हती. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि स्वच्छ लिहिल्यामुळेच ते जास्त लागत होतं. मी लवूला तसं सांगितलं. तो म्हणाला, "अकाउंट, माझ्या बापाशीक गावात पाट मिळालो नाय. माका फलक मिळता हा. तू सांग, मी काय करू?" मी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी दहा वाजता धोंडिराम खरंच खाडीच्या बाजूला फिरायला गेला. कॅनव्हासचे बूट घालून, हात जोरजोरात हलवत. त्याची खुर्ची गॅलरीत होती. वहिनींनी त्या दिवशी लवूपुढे चहाचा कप ठेवला तो जरा वाजवूनच.

"काय झाला गो?"

"काय नाय. माका पण कंपनीन कमी केल्यान. 'व्हय' म्हणाक शंभर माणसा ठेवल्यानी ना? चाय पण तेंकाच विचारा."

चाचणीच्या दिवशी लवूने मला सोबत घेतलं. कंपनीची गाडी आली होती. लिंक रोडने जाताना आरेच्या झाडांपाशी गाडी जरा मोकळी धावली, तेव्हा लवू म्हणाला, "धोंड्या काय बोललो काय?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाय. असाच."

"नाही बोलला. बूट चावतात म्हणाला."

लवूने अंधेरीपर्यंत खिडकीची काच चारदा खाली-वर केली.

स्टुडिओ सुरेख होता. भिंतींना स्पंज, कोपऱ्यात प्लास्टिकची झाडं, मधे निळी मखमली खुर्ची. काचेपलीकडे केयूर नावाचा दाढीवाला साउंड इंजिनियर बसला होता. गंधाली आणि मी त्याच्या मागे. लवूने खुर्चीपाशी चप्पल काढली. केयूरने त्याच्या कानांवर हेडफोन चढवला आणि आधी तांदळाचा आवाज ऐकवला.

"हो खयचो तांदूळ?"

"इंटरनेटवरचा, काका."

"पातळ आसा. आमचो उकडो आसता, दणदणीत पडता. बघ, मिळता तर."

मागणंही कंपनीनेच निवडलं होतं. बोरिवलीच्या एका बाईंना रात्री झोप लागत नाही. मागणी खरी होती, पण इतक्या मागण्यांतून नेमकी हीच का, ते कळायला वेळ लागला नाही. कार्यक्रमाला पैसे एका गादीवाल्या कंपनीचे होते. लवूने एवढंच बजावलं की देवासमोर तो दुकानाचं नाव घेणार नाही. गंधाली म्हणाली, नाव आधी आणि नंतर येईल, तुम्ही फक्त झोप मागा.

लाल दिवा लागला. लवूने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! बोरिवलीक एक माउली रातभर जागी आसा रे म्हाराजा! ह्या कुशीवरसून त्या कुशीवर आणि त्या कुशीवरसून ह्या कुशीवर, घड्याळाकडे बघत रवता रे म्हाराजा! तिच्या डोळ्यार झोप येवंदे..."

"होssय महाराजाss!" हेडफोनमध्ये शंभर माणसं गर्जली.

लवू खुर्चीत दचकला. "अरे, माझा पुरा झाला नाय!"

"सॉरी काका, थोडं आधी पडलं," केयूर माइकमधून म्हणाला.

"ही माणसा आसत खय?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"मगे मी काय मागतलंय, ता तेंका आधीच कसा म्हायत?"

केयूरने काचेतून अंगठा दाखवला. लवूने पुन्हा डोळे मिटले आणि मागणं पुरं केलं. "...आणि तिच्या घोवाचा घोरणा जरा कमी होवंदे रे म्हाराजा!" हे शेवटचं त्याने स्वतःच्या पदरचं घातलं. शंभर माणसं पुन्हा गर्जली. लाल दिवा विझला.

"सुपर!" गंधाली म्हणाली. "काका, या बाहेर."

लवू बसून राहिला.

"काका? झालं."

"उत्तर खय आसा?"

"आलं की! शंभर माणसांचं."

"ती माणसा न्हय. ता भोंगो आसा." लवूने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "उत्तर इल्याशिवाय मी उठूचंय नाय."

गंधालीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला लवूच्या वडिलांचा पाट, नळाला आलेलं पाणी आणि गिरणीचा भोंगा, सगळं क्रमाने सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचं लक्ष दाराकडे होतं. दाराबाहेर पुढच्या कार्यक्रमाच्या पाहुण्या आल्या होत्या. वाहिनीवर पाककृती दाखवणाऱ्या नामांकित बाई, त्यांच्यासोबत केस सारखे करणारी एक आणि भोपळा धरलेली दुसरी.

"एवढंच ना?" गंधाली आत गेली आणि लवूसमोर उभी राहून शाळेतल्यासारखी म्हणाली, "होय महाराजा."

"मनापासून."

"होय महाराजा!"

मीही आत जाऊन म्हणालो. केयूर म्हणाला. गडबड ऐकून पाककृतीवाल्या बाई आत आल्या. त्या मूळच्या देवगडच्या निघाल्या. त्यांनी भोपळा खाली ठेवायला लावला आणि असा खणखणीत "व्हय म्हाराजा" दिला की केयूरच्या यंत्रावरचा काटा थरथरला.

"बरा," लवू म्हणाला. "देवाचा काम झाला."

तरी तो उठला नाही.

"आता काय राहिलं?" गंधालीचा आवाज रडवेला झाला होता.

लवू तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "माणसाच्या बाजूचा रवला मा, अकाउंट."

मी धोंडिरामला फोन लावला. केयूरने तो स्पीकरवर घेतला, आणि घेताना त्याचं दुसरं बोट लाल दिव्याच्या बटणावर गेलं. मी ते पाहिलं. गंधालीनेही पाहिलं.

"कोण?" मागे पक्ष्यांचा आवाज होता. धोंडिराम खाडीच्या बाजूला होता.

"धोंड्या, मी."

"बोला घाडीसाहेब."

"साहेब कोणाक म्हणतंस, मेल्या? मी खुर्चेत अडाकलंय. गाऱ्हाणा घातलंय, उठाक गावना नाय. तुझो नेहमीचो सवाल विचार."

"कंपनीत माणसं नाहीत का? शंभर आहेत म्हणे."

"आसत. पण अर्ज कोण विचारना नाय."

"मग त्यांना शिकव. मला कमी केलंय, लवू. कमी केलेला माणूस उत्तर देत नाही."

"तुका मी कमी केलंय काय? त्या चेडवान आलेख दाखवल्यान..."

"पोरीचं काम आहे ते, ती करणारच. तू गप्प बसलास. मी चष्मा पुसत होतो तेवढ्या वेळात तू काहीतरी बोलशील म्हणून बघत होतो. चांगला दोनदा पुसला मी."

स्टुडिओत स्पंजमुळे आवाज अजिबात घुमत नाही. माणूस गप्प बसला की अगदीच गप्प बसल्यासारखा वाटतो. पाककृतीवाल्या बाई भोपळ्याकडे बघत होत्या.

"ऐकतोयस का?" धोंडिराम म्हणाला.

"व्हय."

"मग आता मी मागतो, तू ऐक. मला ते म्हाराजा-बिराजा येत नाही, सरळ सांगतो. रविवारी दहा वाजता गॅलरीत माझी खुर्ची होती. ती मला परत पाहिजे. हे चालणं मला झेपत नाही आणि बूट चावतात."

आजवर लवूने गाऱ्हाणं घातलं होतं आणि दुसऱ्यांकडून उत्तर घेतलं होतं. तो निळ्या खुर्चीत जरा सरळ झाला, हात जोडले आणि मीटर वाचतानाच्या जुन्या आवाजात म्हणाला,

"व्हय म्हाराजा!"

केयूरने कानावरचा हेडफोन झटक्यात काढला.

"ओरडू नको, मी बहिरा नाही," धोंडिराम म्हणाला. आवाज मात्र सैलावला होता. "बरं. काय मागितलंस ते सांग."

"बोरिवलीच्या एका बाईक झोप लागत नाय."

"चहा किती वेळा घेतात? संध्याकाळी सहानंतरचा बंद करा म्हणावं. दुपारी लवंडतात का? ते बंद. फोन उशाशी ठेवू नका. डॉक्टरला दाखवलं का? आधी दाखवा. आणि हे बघ, लोक लगेच नवीन गादी घ्या म्हणून सांगतील..."

गंधालीने दोन्ही हात डोक्याला लावले.

"...अजिबात ऐकू नका. जमिनीवर सतरंजी टाका, वर चादर, आणि झोपा. आम्ही सगळे तशीच झोपलो. पैसे घालवू नका."

"झाला?" लवूने विचारलं.

"झालं. ऊठ आता."

लवू उठला. चप्पल पायात सरकवली. पाककृतीवाल्या बाईंना खुर्ची मोकळी करून देत म्हणाला, "बसा. उत्तर घेवन ठेवलंय, तुमका त्रास नाय." मग गंधालीसमोर उभा राहिला. "बाय, तुझो राग नाय. पण तो फलक माका नको. एकट्याचो फोटो असतलो आणि मी थय उत्तर शोधत रवतलंय."

"काका, मी धोंडिरामकाकांना घ्यायचं वर बोलून बघते ना. दोघांचा फलक."

"आणि तांदूळ?"

गंधाली हसली. तिने करार परत फाइलमध्ये ठेवला. वरच्यांशी तिचं बोलणं झालंही असेल, पण गादीवाल्यांनी तो भाग ऐकला आणि पुढे काही बोलण्यासारखं उरलं नाही. तो भाग चहूदिशाने वापरला नाही. केयूरने तो दीप्तीला पाठवून दिला. फोनवरची बाचाबाची, सतरंजी, सगळ्यासकट. चाचणीचं रेकॉर्डिंग लवूचंच राहील असं त्या स्वच्छ कागदात स्वच्छ लिहिलेलं होतं, त्यामुळे मला त्यात गैर काही दिसलं नाही.

चहूदिशाने दोन महिन्यांत स्वतःचा कार्यक्रम काढला. एक नट, मालवणी शिकवायला माणूस ठेवलेला, आणि शंभर माणसं. हायवेवर त्याचा फलक लागला. लवू आणि धोंडिराम एका संध्याकाळी तो बघायला मुद्दाम गेले. परत आल्यावर लवू एवढंच म्हणाला, "नटाच्या नाकावर लायट नीट पडाक नाय." धोंडिराम म्हणाला, फलकाची परवानगी कोणत्या तारखेपर्यंत आहे ते खाली बारीक अक्षरात असतं, ते त्याने वाचून ठेवलंय.

आमच्या गॅलरीतलं दर रविवारी चालू आहे. ऐकणारे थोडे तिकडे गेले, थोडे परत आले. दीप्ती आकडे सांगायला जाते तेव्हा लवू मला पुढे करतो, "ता अकाउंटाक सांग," आणि मी ऐकून ठेवतो.

गेल्या रविवारी एक मागणं अंधेरीहून आलं होतं. आवाज ओळखीचा. "काका, मी गंधाली. आमचे साहेब दर सोमवारी नवीन कल्पना आणतात आणि गुरुवारी बदलतात. त्यांना एका कल्पनेवर स्थिर करा."

लवूने चप्पल काढली, पाटावर बसला, फोन तांदळात नीट खोचून घेतला.

"बा देवा म्हाराजा! अंधेरीक एक गुणी चेडू आसा रे म्हाराजा! तिचो सायब सोमवारी पूर्वेक जाता आणि गुरुवारी पश्चिमेक रे म्हाराजा! तेका एका दिशेक लाव, आणि तिका रविवारची तरी सुट्टी गावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वहिनी आणि मी म्हणालो.

लवू मान वळवून पलीकडच्या खुर्चीकडे बघत थांबला. धोंडिरामने आज मुद्दाम वेळ लावला. पेपराची घडी केली. चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

"धोंड्या, माझे पाय आखाडले."

"थांब की. विचार करतोय." मग तो फोनकडे वाकून म्हणाला, "पोरी, दुसरीकडे अर्ज केलास का? नसेल तर ये इकडे, मी सांगतो कसा लिहायचा. येताना चहाला ये."

"आणि ह्यांका सांगा आता उठाक," वहिनी मापटं घेऊन आल्या. "माका तांदूळ काढूचे आसत."